नव्या पंतोजीचा कित्ता

महाराष्ट्रांतील शिक्षणाच्या इतिहासाविषयीं आजवर जें लेखन झालें, त्यांत शाळा किती होत्या, विद्यार्थी किती होते, पुस्तकें कोणतीं चालत, सरकारानें खर्च किती केला, या गोष्टींचा ऊहापोह पुष्कळ झालेला आहे. परंतु एक प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाहीं. जो तरुण काल विद्यार्थी होता व आज प्रथमच मुलांपुढें उभा राहिला, त्याचा हात धरणारा कोण होता? मुलांच्या पाटीवर कित्ता घालून द्यावयाचा तो पंतोजीनें. पण नव्या पंतोजीस कित्ता घालून देणारा कोण? प्रस्तुत लेखांत या प्रश्नाचा यथामति विचार करावयाचा आहे.

आरंभींच एक भेद स्पष्ट करणें अवश्य आहे. ‘शिक्षक तयार करणें’ या एकाच शब्दप्रयोगाखालीं दोन निरनिराळीं कर्में येतात. पहिलें, शिक्षक होण्यापूर्वीं त्यास विषयाचें व अध्यापनपद्धतीचें ज्ञान देणें. दुसरें, तो वर्गांत उभा राहिल्यावर, प्रत्यक्ष काम करीत असतां, अनुभवी माणसानें जवळ राहून त्यास सांवरून धरणें. पहिल्यास आपण प्रशिक्षण म्हणतों. दुसऱ्यास शास्त्रीय नांव नसलें तरी आपल्या भाषेंत सुंदर शब्दप्रयोग आहे: ‘अमका तमक्याच्या हाताखालीं तयार झाला.’ गवई, सुतार, वैद्य, कारकून या सर्वांविषयीं आपण असें म्हणतों. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, एकोणिसाव्या शतकांत आपल्याकडे जी नवी शाळा उभी राहिली, तिनें पहिल्या कर्माची व्यवस्था लावली. दुसरें कर्म मात्र तपासणीच्या खात्यांत जमा केलें, आणि तेथें तें हरवलें.

प्राचीन ग्रंथांत या दुसऱ्या कर्माचे दाखले स्पष्ट सांपडतात. पतंजलीनें महाभाष्याच्या पस्पशाह्निकांत विद्येच्या उपयोगाचे चार प्रकार सांगितले आहेत: गुरूपासून ती घेतांना, स्वतः तिचा अभ्यास करतांना, दुसऱ्यास ती सांगतांना आणि व्यवहारांत ती योजतांना. म्हणजे शिकविणें ही विद्या पुरी झाल्यानंतरची गोष्ट नव्हे, ती विद्येचीच एक अवस्था आहे. आणि जी अवस्था आहे, तिला अभ्यास लागतो. आपस्तंब धर्मसूत्राच्या पहिल्या प्रश्नांत, गुरूच्या आज्ञेवरून जो शिष्य इतरांस पाठ देतो त्याच्याशीं गुरूप्रमाणेंच वर्तावें, व वयानें वडील अशा सहाध्यायाशींही तसेंच वर्तावें, असा नियम आहे. यावरून दोन गोष्टी निघतात. वडील शिष्य धाकट्यांस शिकवीत असे. आणि तो तें गुरूच्या आज्ञेनें, त्याच्या घरीं, त्याच्या कानांवर पडेल असें शिकवी. चूक झालीच तर ती त्याच दिवशीं दुरुस्त होई.

तैत्तिरीयोपनिषदाच्या शीक्षावल्लींतील निरोपाचा उपदेश सर्वांच्या परिचयाचा आहे. अध्ययन व अध्यापन या दोहोंत कुचराई करूं नये, हें त्यांतील वचन पुष्कळ जण सांगतात. परंतु त्याच उपदेशाचा शेवटचा भाग आमच्या विषयास अधिक जवळचा आहे. एखाद्या कर्माविषयीं वा वर्तनाविषयीं तुला शंका आली, तर त्या ठिकाणीं जे विचारी, अनुभवी, मृदु स्वभावाचे व धर्मपर लोक असतील, ते जसे वागतात तसा तूं वाग, असा त्याचा आशय आहे. बारा वर्षें शिकविल्यानंतर गुरु असें म्हणत नाहीं कीं, तुला आतां सर्व आलें. तो म्हणतो, शंका येईलच. ती आली असतां कोणाकडे पाहावें तें सांगून ठेवितों. आणि ज्याच्याकडे पाहावयाचें, तो मृदु असावा, ही अटही तो घालतो.

बौद्धांनीं हीच गोष्ट नियमांत बांधिली. विनयपिटकांतील महावग्गाप्रमाणें नव्यानें उपसंपदा घेतलेल्या भिक्षूस स्वतंत्र राहण्याची परवानगी नव्हती. प्रथम नियम झाला तो १० वर्षांचा. पुढें तो शिथिल करून, जो समर्थ असेल त्यानें ५ वर्षें आचार्याच्या आश्रयानें राहावें, व जो असमर्थ असेल त्यानें जन्मभर तसें राहावें, असें ठरलें. उपाध्याय होण्यास १० वर्षांची योग्यता लागे. आश्रय देणाऱ्याचीं कर्तव्यें आश्रिताच्या कर्तव्यांइतकींच तपशीलवार सांगितलीं आहेत. आजारी पडला तर शुश्रूषा करणें, मन उदास झालें तर समजूत घालणें, येथवर तीं जातात. नवा माणूस नुसता अज्ञ नसतो, तो घाबरलेलाही असतो, हें त्या नियमकारांनीं ओळखलें होतें.

आतां जुन्या गांवठी शाळेकडे वळूं. देवळाची ओवरी किंवा एखाद्याच्या वाड्याची पडवी, पुढें धूळपाटी, आणि एका सुरांत चाललेले पाढे, हें तिचें स्वरूप. १८२९ च्या सुमारास सरकारानें जमविलेल्या माहितींत मुंबई इलाख्यांत १,७०५ शाळा व त्यांत ३५,१४३ विद्यार्थी असल्याची नोंद आहे. म्हणजे दर शाळेस सरासरी २० मुलें. अर्थात् बहुतेक शाळा एकपंतोजीच असल्या पाहिजेत. अशा शाळेंत पावकी-निमकी येणारा मुलगा उजळणी न येणाऱ्यास घेऊन बसे. पंतोजी म्हातारा झाला म्हणजे त्याचा मुलगा, पुतण्या किंवा असाच एखादा जुना विद्यार्थी त्याच्या जागीं बसे. त्यानें कोठें अध्यापनशास्त्र वाचलेलें नसे. पण जागेवर बसण्यापूर्वीं तो तीच शाळा अर्धीअधिक चालवीत आलेला असे, असें आमचें अनुमान आहे. या व्यवस्थेचे दोष झांकण्याचें कारण नाहीं. शिक्षा क्रूर होत्या, पाठांतर पुष्कळदां अर्थावांचून होई, आणि खालच्या मानलेल्या जातींस व मुलींस त्या ओवरीवर बहुधा जागा नव्हती. हाताखालीं तयार होणारा चांगलें तसें वाईटही उचलतो. पंतोजीची विद्या पुढें गेली तशी त्याची छडीही पुढें गेली. आमचा मुद्दा इतकाच कीं, नवा पंतोजी एकटा नव्हता.

अशा शिक्षणाचें एक समकालीन चित्र परकीयाच्या लेखणींतून उतरलेलें आहे. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाले हा १६२३ च्या नोव्हेंबरांत कर्नाटकांत इक्केरीच्या वाटेवर असतां, त्यानें एका देवळाच्या पडवींत चार मुलगे पाहिले. जमिनीवर बारीक वाळू पसरून तीं मुलें बोटानें आंकडे लिहीत व सुरावर घोकीत होतीं. जवळ गुरु नव्हता. चुकल्यास तुम्हांस दुरुस्त कोण करतो, असें त्यानें विचारलें. चौघेही एकाच वेळीं एकाच ठिकाणीं चुकणें शक्य नाहीं, एक चुकला तर दुसरा त्यास सांवरतो, अशा आशयाचें उत्तर त्यांनीं दिलें. शिक्षणशास्त्राच्या मोठमोठ्या ग्रंथांतही याहून नेमकें उत्तर आम्हांस आढळलें नाहीं. या उत्तराचा व्यत्यासही ध्यानांत ठेवण्याजोगा आहे: जो एकटा आहे, त्याच्या चुकीस दुरुस्ती नाहीं.

त्यानंतर १६६ वर्षांनीं हीच वाळू एका स्कॉटिश गृहस्थाच्या दृष्टीस पडली. अँड्र्यू बेल नांवाचा पाद्री १७८९ सालीं मद्रास येथील लष्करी अनाथ मुलांच्या शाळेचा अधीक्षक झाला. तेथें जवळच्या एका देशी शाळेंत मुलें वाळूंत अक्षरें गिरवितांना त्यानें पाहिलीं व ती रीत आपल्या शाळेंत आणण्याचें ठरविलें. हाताखालच्या शिक्षकांनीं नाखुषी दाखविली. तेव्हां बेलनें जॉन फ्रिस्केन नांवाच्या ८ वर्षांच्या मुलाकडे अगदीं खालचा वर्ग सोंपविला, आणि तो चालला. विलायतेस परत गेल्यावर १७९७ सालीं बेलनें या प्रयोगाचें वृत्त छापलें. १७९८ सालीं जोसेफ लँकेस्टरनें लंडनांत शाळा काढून याच धर्तीवर ती वाढविली, आणि थोड्याच वर्षांत एका शिक्षकानें मुलांच्याच मदतीनें शेंकडों मुलें शिकविण्याची ही ‘मद्रास पद्धति’ विलायतेंत गाजूं लागली. मुलानें मुलास शिकविणें एवढा भाग तिकडे गेला. परंतु शिकविणारा मोठा मुलगा हा स्वतः पंतोजीपण शिकत असतो, हा भाग वाटेंतच राहिला. लँकेस्टरच्या शाळेंतला मॉनिटर हा भावी शिक्षक कमी आणि स्वस्त शिक्षक अधिक, असा होऊन बसला.

मौज अशी कीं, पेशवाईनंतर मुंबई इलाख्यांत नव्या शाळा काढण्याची वेळ आली, तेव्हां हीच पद्धति इंग्रजी नवलाई म्हणून आपल्याकडे परत आली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या डिसेंबर १८२३ च्या शिक्षणविषयक टिपणांत देशी शाळांतील अध्यापनाची रीत सुधारणें व शाळांची संख्या वाढविणें यास अग्रस्थान दिलेलें आहे. मुंबईच्या शाळापुस्तक मंडळीनें, जिचें नांव पुढें १८२७ सालीं ‘बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ असें झालें, कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस याच्या चिटणीसपणाखालीं शिक्षक तयार करण्याचें काम हातीं घेतलें. १८२६ सालीं असे तयार केलेले २४ मराठी व गुजराथी शिक्षक जिल्ह्याजिल्ह्यांत रवाना झाले. आपल्या इलाख्यांतील सरकारी प्राथमिक शाळांचा आरंभ येथून होतो.

या २४ जणांविषयीं आम्हांस नेहमीं आदर वाटत आला आहे, आणि थोडी करुणाही. मुंबईंत शिकतांना ते एकत्र होते. देल्ला व्हालेच्या त्या चार मुलांप्रमाणें एकमेकांस सांवरूं शकत होते. नेमणूक होतांच प्रत्येकाची पांगापांग झाली. हातीं नवीं छापील पुस्तकें, पद्धति नवी, आणि गांवांत जुना पंतोजी आपल्या ओवरीवर बसलेलाच. पहिला कठीण प्रसंग आला तेव्हां विचारावयाचें कोणास? जवळचा अनुभवी माणूस म्हणजे तोच जुना पंतोजी, आणि तो तर आतां प्रतिस्पर्धी झालेला. शिक्षक तयार करण्याची जागा व शिक्षकानें काम करण्याची जागा या दोहोंची फारकत आपल्याकडे झाली ती अशी.

ती सांधण्याचे प्रयत्न झालेच नाहींत असें मात्र नव्हे. १८४५ सालीं बाळ गंगाधर शास्त्री जांभेकर यांजकडे मुंबईच्या नॉर्मल क्लासचें काम आलें. ‘दर्पण’कर्ते म्हणून व शिलालेख-ताम्रपटांचे आद्य वाचक म्हणून या मासिकाचे वाचक त्यांस ओळखतातच. गांवोगांवच्या शाळांसाठीं शिक्षक घडविण्याचें हें काम त्यांच्या हातीं फार दिवस राहिलें नाहीं. १८४६ च्या मे महिन्यांत, वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षीं, ते निवर्तले. पुढें व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांनीं तें चालविलें. आपल्या काळच्या पहिल्या प्रतीच्या विद्वानांनीं प्राथमिक शिक्षक घडविण्याचें काम कमी दर्जाचें मानलें नाहीं, ही गोष्ट नमूद करण्याजोगी आहे.

याच सुमारास पुण्यांत जें घडलें, तें तर या विषयांतील सर्वांत बोलकें उदाहरण होय. १८४८ सालीं जोतीराव फुले यांनीं भिड्यांच्या वाड्यांत मुलींची शाळा काढली, व सावित्रीबाई तेथें शिकवूं लागल्या. त्यांच्यापुढें कित्ता कोणताच नव्हता. त्यांच्यासारखी स्त्री त्यांच्यापूर्वीं त्या शहरांत तशा जागीं उभी राहिलेली कोणी पाहिली नव्हती. समकालीन वृत्तावरून असें दिसतें कीं, त्यांचें आरंभींचें शिक्षण जोतीरावांनीं केलें, व पुढील शिक्षणाची जबाबदारी सखाराम यशवंत परांजपे व केशव शिवराम जोशी (भवाळकर) या दोघां मित्रांनीं उचलली. लोकांचा रोष बाहेर उभा असतां आंत हें शिक्षण चाललें होतें. येथें सरकारी नियम नव्हता, पगारी मार्गदर्शक नव्हता. होता तो फक्त हाताखालीं घेणारा स्नेह. ज्या नव्या शिक्षिकेस सर्वांत अधिक विरोध झाला, ती टिकली. आणि ती टिकण्याच्या कारणांत या पाठबळाचा वांटा मोठा आहे, असें आम्हांस वाटतें.

इकडे विलायतेंत मॉनिटर-पद्धतीचे दोष उघडे पडून १८४६ सालीं नवी योजना निघाली. १३ वर्षांच्या निवडक विद्यार्थ्यास ५ वर्षें शिक्षकाच्या हाताखालीं उमेदवार ठेवावयाचें, आणि त्यास घडविण्याबद्दल त्या शिक्षकासही वेगळा मोबदला द्यावयाचा, असें तिचें स्वरूप होतें. घडविणाराचे श्रम हें स्वतंत्र काम आहे व त्यास मोल आहे, ही कबुली त्यांत होती. १८५४ च्या प्रसिद्ध खलित्यांत चार्लस वुडनें हीच योजना हिंदुस्थानास सुचविली: आधीं वेतन घेणारा उमेदवार, मग नॉर्मल शाळा, मग प्रमाणपत्र व नोकरी. म्हणजे पडवींतील वाळूवरची ती कल्पना एकदां १८२० नंतरच्या दशकांत व पुन्हां १८५४ सालीं, अशी दोन वेळां समुद्र ओलांडून घरीं आली. परंतु दुसऱ्या खेपेसही उमेदवारीचा काळ नेमणुकीच्या आधींच संपला. प्रमाणपत्र हातीं पडलें कीं शिक्षक पुरा झाला, असें धरलें गेलें. आणि नेमणुकीनंतर त्याच्याकडे पाहणारें माणूस म्हणजे तपासनीस, एवढेंच उरलें.

१८५५ सालीं मुंबई इलाख्यांत स्वतंत्र विद्याखातें निघालें. इन्स्पेक्टर, डेप्युटी इन्स्पेक्टर, परीक्षा आणि शेरेबूक हीं त्याबरोबर आलीं. तपासणी वाईट असें आम्ही म्हणत नाहीं. जोतीराव फुल्यांनीं ऑक्टोबर १८८२ मध्यें हंटर कमिशनास जें निवेदन दिलें, त्यांत वर्षांतून एकदां होणारी डेप्युटीची भेट निरुपयोगी आहे, तपासणी निदान दर तीन महिन्यांनीं व्हावी, व मधूनमधून वर्दी न देतांही यावें, अशी मागणी आहे. त्याबरोबरच शिक्षक प्रशिक्षित असावा व त्यास निदान १२ रुपये वेतन मिळावें, असेंही त्यांनीं सांगितलें आहे. निष्काळजी शिक्षकावर नजर हवीच. परंतु परीक्षा घेणारा निराळा व हात धरणारा निराळा. कालिदासाच्या मालविकाग्निमित्रांत दोन नाट्याचार्यांचा वाद पंडिता कौशिकीपुढें येतो, व शिष्येच्या प्रयोगावरून आचार्याची परीक्षा होते. कौशिकी निर्णय उत्तम देते. पण गणदासानें आपली अडचण तिच्यापाशीं बोलून दाखवावी, असें कोणी म्हणणार नाहीं. ज्याच्या शेऱ्यावर बढती अवलंबून आहे, त्याच्यापुढें मनुष्य आपलें अज्ञान झांकतो; आणि झांकलेल्या अज्ञानास औषध नाहीं.

ही उणीव कागदानें भरून काढण्याचा एक स्तुत्य यत्न झाला, तो ‘शालापत्रका’चा. १८६१ सालीं निघालेलें हें मासिक १८७५ पर्यंत चाललें. पुणें ट्रेनिंग कॉलेजाचे प्रमुख कृष्णशास्त्री चिपळूणकर व त्यांच्यामागून विष्णुशास्त्री यांनीं तें संपादिलें. आडगांवच्या एकट्या शिक्षकास आपण एका मोठ्या मंडळींतले आहों, असें वाटण्यास तेवढा आधार होता. पण मासिक पाठ पाहावयास येत नाहीं.

येथें आमच्याच आयुष्यांतील एक गोष्ट सांगणें विषयास सोडून होणार नाहीं. संस्कृताची पदवी घेऊन आम्ही एका शाळेंत प्रथम रुजू झालों, त्या आठवड्यांत रूपें सर्व पाठ होतीं, पण वर्ग हातीं राहीना. शाळेंतील एक वयोवृद्ध सहकारी दोन दिवस वर्गाबाहेर व्हरांड्यांत वर्तमानपत्र वाचीत बसले. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं एक चिठ्ठी दिली. तीवर तीन ओळी होत्या: फळ्याकडे तोंड करून बोलूं नका. प्रश्न विचारल्यावर थांबा, उत्तर स्वतः देऊं नका. मागच्या बांकावरच्या प्रत्येकाचें नांव रोज एकदां घ्या. मुख्याध्यापकांस त्यांनीं यांतलें कांहींएक सांगितलें नाहीं. पुढील सर्व वर्षें आम्हीं त्या तीन ओळींवर काढलीं. ती चिठ्ठी आमच्या सिद्धान्तकौमुदीच्या प्रतींत अद्यापि आहे.

त्याच शाळेंत निवृत्तीनंतर एकदां जाण्याचा योग आला, तेव्हां जुनें दप्तर पाहण्याची इच्छा दर्शविली. अडगळीच्या खोलीस रंग द्यावयाचा म्हणून शेरेबुकें, पाठटांचणें, वर्गाच्या नोंदवह्या, सर्व रद्दींत गेल्याचें समजलें. दोष कोणाचा म्हणावा? त्या कागदांस कोणी कागदपत्र मानलेंच नव्हतें. आपणही मानीत नाहीं. सनदा, वतनपत्रें, बखरी, पोथ्या यांसाठीं आपण गांवोगांव हिंडतों. त्या पोथ्या वाचावयास शिकविणाऱ्याचा कागद मात्र दिसला तरी उचलीत नाहीं.

या विषयास केवळ पुराणवस्तूचें महत्त्व आहे, असें कोणी समजूं नये. महाराष्ट्रांत २००० सालापासून शिक्षणसेवकाची पद्धति आहे. नवा शिक्षक ३ वर्षें ठराविक मानधनावर राहतो व मग कायम होतो. तीन वर्षें ही विनयांतील पांच वर्षांच्या बरीच जवळ आहेत; पण आश्रयाची तीन वर्षें निराळीं आणि नुसत्या प्रतीक्षेचीं तीन वर्षें निराळीं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें अनुभवी व निवृत्त अध्यापकांनीं नव्यांस मार्गदर्शन करावें, अशी राष्ट्रीय योजना महाविद्यालयीन अध्यापकांसाठीं सांगितली, आणि राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेनें पुढें शाळांतील शिक्षकांसाठींही ती आंखली. हेतु उत्तम आहे. ती करणाऱ्यांनीं इतिहासांतून एकच गोष्ट घ्यावी: हात धरणाऱ्याच्या हातीं शेरेबूक देऊं नये.

आणि आपण संग्राहकांनीं काय करावें? जुन्या दप्तरांत शोध करतांना तीन जातींचे कागद बाजूस काढून ठेवावे, अशी आमची विनंति आहे. पहिले, शिक्षकांनीं एकमेकांस लिहिलेलीं पत्रें, विशेषतः वडील शिक्षकानें धाकट्यास लिहिलेलीं. दुसरे, पाठटांचणें व त्यांच्या समासांत दुसऱ्या हातानें केलेल्या दुरुस्त्या. दोन हस्ताक्षरें जेथें एका पानावर भेटतात, तेथेंच हा इतिहास आहे. तिसरे, पंतोज्यांच्या घरांतील मोडी कित्ते, उजळण्या व हिशेबाचीं बाडें. त्यांवर मालकांचीं नांवें एकामागून एक असतील, तर त्यांवरून पंतोजीची परंपरा लावतां येईल, आणि आम्हीं वर केलेलें अनुमान खरें कीं खोटें तेंही ठरेल. तें खोटें ठरलें तरी आम्हांस आनंदच होईल. कारण त्यास दुरुस्त करणारा कोणी तरी जवळ होता, असें सिद्ध होईल.